'गणित येत नाही' आणि 'गणित आलं नाही' यात फरक काय?

युनिट टेस्टचे पेपर वर्गात वाटले की त्या दिवशी घराघरात दोन वाक्यं ऐकू येतात. एक म्हणजे 'मला गणित येतच नाही' आणि दुसरं म्हणजे 'मला ते गणित आलं नाही'. बोलणाऱ्या पोराला दोन्ही सारखीच वाटतात, ऐकणाऱ्या आईलाही सारखीच वाटतात आणि दोन्हीवर उत्तरही एकच मिळतं, 'मग अभ्यास कर'. पण नीट ऐकलं तर पहिलं वाक्य माणसाबद्दल आहे आणि दुसरं घडून गेलेल्या एका गोष्टीबद्दल. 'येत नाही' म्हटलं की ते काल, आज, पुढच्या वर्षी सगळीकडे लागू होतं, 'आलं नाही' हे त्या पेपरापुरतं, त्या प्रश्नापुरतं राहतं. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वाक्यानं जेवढी मुलं गणितापासून लांब गेलीत तेवढी अवघड गणितांनीही गेली नसतील.

दहावीचंच बघा. बीजगणिताचा लेखी पेपर ४० मार्कांचा, पुस्तकात सहा प्रकरणं. 'येत नाही' म्हणणारं पोरगं सहाच्या सहा प्रकरणं एका फटक्यात सोडून देतं, पण त्याचा तपासलेला पेपर हातात घेऊन बसा, वेगळंच काहीतरी दिसतं. अर्थनियोजनातलं जीएसटीचं उदाहरण बरोबर आलेलं असतं, संभाव्यतेत नमुना अवकाश व्यवस्थित लिहिलेला असतो, आणि वर्गसमीकरणात मात्र सगळं लाल. आता तिथे थांबून बघा. समीकरण आहे एक्स वर्ग वजा ५ एक्स अधिक ६ बरोबर ०. सूत्र पाठ आहे, अगदी बरोबर लिहिलंय, पण 'बी'ची किंमतच वजा ५ असताना 'वजा बी'च्या जागी परत वजा ५ च लिहिलं, ते अधिक ५ व्हायला हवं होतं, त्यामुळे उत्तर २ आणि ३ यायच्या ऐवजी वजा २ आणि वजा ३ आलं. म्हणजे सूत्र येतं, आकडेमोड येते, वर्गमूळ येतं, अडलं कुठे तर एका चिन्हापाशी. असली दहा उदाहरणं एका संध्याकाळी सोडवली तर ही चूक जाऊ शकते. पण 'येत नाही' म्हटल्यावर पेपर उघडून बघायचं कारणच उरत नाही हो, कारण उत्तर आधीच मिळालेलं असतं!

हे नुसतं मला वाटतं म्हणून सांगत नाहीये, यावर बऱ्यापैकी काम झालंय. २००७ साली मानसशास्त्रज्ञ आंद्रेई चिंपियन आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांबरोबर बाहुल्या घेऊन एक प्रयोग केला. खेळातल्या गोष्टीत मुलानं चित्र काढलं की शिक्षिका झालेली बाहुली काही मुलांना म्हणायची 'तू चांगली चित्रं काढतेस' आणि काहींना म्हणायची 'हे चित्र तू छान काढलंस'. दोन्ही शाबासकीच, दोन्हीनं मुलं सारखीच खूश. नंतर गोष्टीत चूक घडवून आणली, म्हणजे मांजर काढलं पण कान काढायचे राहिले, असं. तेव्हा 'चांगली चित्रं काढतेस' ऐकलेली मुलं जास्त खट्टू झाली, पुढे चित्र काढायला कमी तयार दिसली. का, तर त्यांना मिळालेली शाबासकी त्या चित्राला नव्हती, त्यांना स्वतःला होती, मग चूक झाली तीही स्वतःलाच चिकटली. चार वर्षांच्या पोराला हा फरक कळतो आणि आपण मोठी माणसं दिवसभर दोन्ही वाक्यं मिसळून वापरतो.

त्याआधी १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेलं कामही असंच आहे. कोडी सोडवल्यावर काहींना 'हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलीस' म्हटलं, मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली जिथे सगळेच आपटले, आणि परत सोपी दिली. हुशारीचं कौतुक झालेल्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा खाली गेली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची वर गेली. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही की दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला आपले मार्क लिहून कळवा असं सांगितल्यावर हुशारवाल्यांपैकी साधारण ३८ टक्के मुलांनी मार्क वाढवून लिहिले, मेहनतवाल्यांमध्ये हे प्रमाण १३ टक्के होतं. पोरं मुळात खोटारडी नव्हती, 'हुशार' हे लेबल सांभाळायचं ओझं त्यांच्यावर टाकलं होतं. आपल्याकडे पाहुण्यांसमोर 'आमचा आर्यन पहिल्यापासूनच हुशार' म्हणणाऱ्या काकू, मावश्या, आजोबा यांचा हेतू शंभर टक्के चांगला असतो, तरीपण प्लीज, 'यंदा त्यानं रोज सकाळी उठून सराव केला' एवढंच म्हणा ना.

मोठ्यांनाही हेच लागू होतं. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कॉलेजच्या जलतरणपटूंवर केलेला अभ्यास आहे. पोहून झाल्यावर त्यांना खरी वेळ सांगितली नाही, मुद्दाम थोडी वाईट वेळ सांगितली आणि जरा विश्रांतीनंतर परत पोहायला लावलं. जे लोक वाईट गोष्टीचं कारण 'मी असाच', 'हे असंच चालणार' असं देतात ते दुसऱ्यांदा हळू पोहले, आणि जे कारण त्या घटनेपुरतं ठेवतात ते निदान पहिल्याइतके तरी पोहलेच. तेच शरीर, तेच पाणी, बदल फक्त स्वतःला दिलेल्या कारणात.

आता हे पुण्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत आणून बघा. 'माझी प्री (म्हणजे पूर्वपरीक्षा) निघत नाही' आणि 'यंदा प्री निघाली नाही'. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत सीसॅटचा, म्हणजे उतारे, गणित, तर्क यांचा दुसरा पेपर आता फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के मिळवले की झालं, मेरिट पेपर एकवर लागतं. तरी 'माझं सीसॅट कच्चं आहे' म्हणणारे भरपूर आहेत, आणि त्यांना विचारलं की बाबा नेमकं काय कच्चं, उतारे वाचायला वेळ पुरत नाही की गणितं सुटत नाहीत की निगेटिव्ह मार्किंगमध्ये जातंय, तर बऱ्याच जणांनी ते कधी वेगळं काढून बघितलेलंच नसतं. आपल्या भाषेत 'कच्चा' हा शब्द माणसाला इतक्या सहज चिकटतो की तो निघायला वर्षं जातात. त्यात घरचे भर घालतात, 'आपल्या घराण्यात गणिताचं डोकं कुणालाच नाही', झालं, म्हणजे आता दोष पिढ्यानपिढ्यांचा, एकट्या पोरानं काय करायचं?

इथे अजून एक गल्लत होते ती सांगायलाच हवी. 'येत नाही' सोडा म्हटलं की लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात, आरशासमोर उभं राहून 'मी सर्वोत्तम आहे, मी जिंकणारच'. ही ती गोष्ट नाही. 'मला गणित येत नाही' आणि 'मी गणितात जीनियस आहे' ही दोन्ही एकाच जातीची वाक्यं आहेत, दोन्ही माणसावर शिक्का मारतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वूड यांच्या २००९ च्या प्रयोगात स्वतःबद्दल आधीच कमी वाटणाऱ्या लोकांनी असं छान छान वाक्य मनात घोकल्यावर त्यांना ते न घोकणाऱ्या तशाच लोकांपेक्षा वाईट वाटलं, कारण मन आतून लगेच म्हणतं, हे खरं नाहीये. 'आलं नाही' हे वाक्य अजिबात गोड नाही, त्यात अपयश पूर्ण कबूल केलेलं आहे, फक्त ते जेवढं आहे तेवढंच ठेवलेलं आहे.

आणि शब्द बदलले की नशीब पालटतं असं कुणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या नववीच्या साधारण १२,००० मुलांपैकी काहींना ऑनलाइन, एका तासापेक्षाही कमी वेळात 'बुद्धी वाढवता येते' हे शिकवलं, तर त्यातल्या मागे पडलेल्या मुलांचं सरासरी गुणांकन, साधारण ४ च्या मापावर, ते न शिकवलेल्या तशाच मुलांपेक्षा ०.१ नं जास्त आलं. हे छोटंच आहे, पण खर्च जवळपास शून्य असताना छोटंही वाईट नाही. त्यातही आजूबाजूच्या मुलांमध्ये अवघड काम अंगावर घ्यायची सवय होती अशाच शाळांमध्ये मार्क जास्त सुधारले. म्हणजे वाक्य बदललं तरी पुढची दहा उदाहरणं सोडवायलाच लागतात आणि ती तपासून द्यायला कुणीतरी लागतं.

मग 'येत नाही' कधीच म्हणायचं नाही का? तसंही नाही. एखाद्याचा पेपर सलग पाच वेळा अपुरा राहिला आणि तो प्रत्येक वेळी 'यंदा पेपर लांबला हो' म्हणत असेल तर तो स्वतःला फसवतोय, तिथे त्यानं सरळ म्हणावं 'माझा पेपर वेळेत संपत नाही'. हे वाक्यही सवयीचंच आहे, पण बघा ते किती लहान आहे, त्याला पुढे घड्याळ लावता येतं, कुठल्या प्रश्नावर किती मिनिटं गेली ते लिहून काढता येतं. 'मी स्लो आहे' या वाक्यापुढे घड्याळ लावून काय बघणार?