नट ब्राउन एलचा आस्वाद

नट ब्राउन एल हा तपकिरी रंगाच्या इंग्लिश बिअरचा एक प्रकार. अक्रोड, हेझलनट किंवा भाजलेल्या दाण्यांची आठवण करून देणारी खमंग चव ही तिची ओळख. तरीही पारंपरिक नट ब्राउन एलमध्ये अक्रोड, बदाम, हेझलनट यांपैकी काहीही घातलेले नसते. तो खमंगपणा भाजलेल्या सातूचा (बार्लीचा) असतो. अलीकडे काही बिअर बनवणारे हेझलनटचा अर्क किंवा भाजलेले दाणे प्रत्यक्ष घालतात. त्यामुळे ग्लास हाती आला की चव धान्याची आहे की वरून घातलेली, हे ओळखण्यातच निम्मी मजा असते.

सातू भिजवून, मोड आणून वाळवला की माल्ट तयार होतो. वाळवताना उष्णता वाढवली की धान्यातील साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात मेलार्ड अभिक्रिया घडते. फ्रेंच वैज्ञानिक लुई-कामीय मेलार्ड यांनी ती 1912 मध्ये मांडली. या अभिक्रियेतून पायराझिन गटातली सुगंधी संयुगे तयार होतात आणि तीच भाजलेल्या शेंगदाण्यात व कॉफीतही सापडतात. म्हणजे बिअरला दाण्यांचा वास येतो असे कुणी म्हणाले, तर तो निव्वळ कल्पनाविलास नसतो. क्रिस्टल माल्टमध्ये ओला दाणा आधी साधारण 65 अंश सेल्सिअसला ठेवतात. दाण्याच्या आतच पिष्टाची साखर होते आणि पुढे भाजताना तिला टॉफीची गोडी येते. चॉकलेट माल्ट दोनशे अंशांच्या वर भाजतात. त्यात चॉकलेट नसते, फक्त रंग तसा असतो. हा माल्ट चिमूटभरच पुरतो, कारण प्रमाण वाढले की खमंगपणा करपटपणाकडे झुकतो आणि बिअर पोर्टर या गडद, करपट चवीच्या बिअरसारखी वाटू लागते.

फगल, गोल्डिंग्ज यांसारखे इंग्लिश हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) येथे मागे राहतात. कडवटपणा साधारण 20 ते 30 आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) आणि मद्यांश बहुधा 4 ते 6 टक्के असतो.

अठराव्या शतकापर्यंत लंडनमध्ये बरीचशी बिअर तपकिरी माल्टवर होत असे. फिकट माल्टमधून जास्त अर्क मिळतो हे द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने दाखवून दिले आणि डॅनियल व्हीलर यांनी 1817 मध्ये फिरत्या पिंपात काळा माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले. थोड्याशा काळ्या माल्टने गडद रंग मिळू लागल्यावर जुना तपकिरी माल्ट मागे पडला. विसाव्या शतकात ब्राउन एल परतली ती दोन रूपांत: लंडनच्या मान्स या कंपनीची गोडसर व हलकी, आणि उत्तरेकडची कोरडी व थोडी तेज. न्यूकॅसल ब्राउन एल (1927) ही दुसरीचे प्रसिद्ध उदाहरण. नट ब्राउन या नावाने सर्वांत परिचित आहे ती यॉर्कशायरमधील टॅडकास्टर गावची सॅम्युएल स्मिथची एल.

पुण्यात ताजी, नळावरची बिअर रुजली ती 2009 मध्ये डूलाली या मायक्रोब्रुअरीपासून, म्हणजे थोड्या प्रमाणात बिअर बनवून तिथेच देणाऱ्या ठिकाणापासून. पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आणि इतरही मायक्रोब्रुअरी आल्या. येथील गिऱ्हाईक आधी गव्हाची बिअर किंवा सफरचंदाची सायडर मागते. ब्राउन एल फलकावर कायम असेलच असे नाही, म्हणून आधी विचारलेले बरे. महाराष्ट्रात मद्यपानासाठी कायद्याने परवाना लागतो आणि सौम्य बिअरसाठी किमान वय 21 आहे.

खरी अडचण थंडपणाची. लागर ही थंडगार दिली जाणारी नेहमीची बिअर ज्या तापमानाला देतात त्याच तापमानाला ब्राउन एल आली, तर खमंगपणा जवळपास नाहीसा होतो आणि उरतो तो कडवट पाणचटपणा. ही एल 10 ते 13 अंश सेल्सिअसला खुलते. बर्फात गोठवलेला ग्लास परत करून साधा मागावा आणि बिअर टेबलावर दहा मिनिटे तशीच राहू द्यावी. डिसेंबरच्या रात्री गच्चीवर बसला असाल तर जरा जास्त वेळ लागेल. सॅम्पलरमध्ये चार-पाच छोटे ग्लास आले, तर हलक्यापासून गडदकडे जावे. एकदा आयपीए या कडवट बिअरचे हॉप्स जिभेवर बसले की या एलचे काही खरे नाही.

ग्लास उजेडासमोर धरला तर कडेला तांबूस छटा दिसते. वास घेताना एकच दीर्घ श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगे घेतलेले चांगले. बिअर चाखताना वाइनसारखी थुंकत नाहीत. घोट गिळल्यावर घशामागून नाकात चढणारा वास हीच या एलची मोठी गंमत आहे. माल्टचा खमंगपणा हळूहळू चढतो आणि गिळल्यावरही रेंगाळतो. अर्क घातलेला असेल तर तो ग्लास तोंडाशी नेताच हेझलनट लावलेल्या कॅडबरीसारखा भपकन येतो, पण जिभेवर गेल्यावर मागे फारसे काही उरत नाही. अर्क घालणे काही पाप नाही; मात्र खाली माल्टचा पाया भक्कम नसेल, तर तो लगेच उघडा पडतो.

खरे दाणे घालणाऱ्याला तेल सांभाळावे लागते. तेलाने फेस बसतो आणि पुढे खवट वास येऊ शकतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास म्हणजे बिअरला हवा लागली, आणि लोण्यासारखा जाणवला तर आंबवण पुरते झालेले नाही असे समजावे. हेझलनट, अक्रोड, शेंगदाणे अशांची अॅलर्जी असणाऱ्यांनी विचारूनच मागवावी, कारण नळाच्या बिअरवर घटकांचे लेबल नसते.

चखण्यात मसाला शेंगदाणे हमखास येतात, पण त्यांच्यावरचा कांदा, लिंबू आणि तिखट या एलवर मात करतात. साधे खारे दाणे, भाजणीची चकली किंवा तीळ-खसखस घातलेली पुणेरी बाकरवडी अधिक जमते. तंदुरी पनीर किंवा कोंबडीवरचा किंचित करपलेला भागही चांगला जुळतो. मिसळ मात्र हिच्यासोबत नको. ते काम लागरचे.