टाळेबंदीत बेळगावची हवा निवळली, मग कार्बन का वाढला?

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीमुळे कोगनोळी नाक्यावर कर्नाटक-महाराष्ट्र हद्द बंद होती. हायवेवरून दूध, भाजी आणि औषधांच्या गाड्या तेवढ्या जात होत्या. सीबीटी म्हणजे बेळगावचं मध्यवर्ती बसस्थानक ओस पडलं होतं, उद्यमबागेतल्या फौंड्र्या थंड होत्या. आकाश धुऊन काढल्यासारखं दिसत होतं आणि हवा सुधारली यावर कुणाचंच दुमत नव्हतं. डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं. त्याच सुमारास हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेने मे महिन्याची सरासरी काढली, तेव्हा कार्बन डायऑक्साइड ४१७.१ पीपीएम भरला, म्हणजे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ४१७. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात हा आकडा ४१४.७ होता. १९५८ साली तिथे मोजणी सुरू झाल्यापासून इतकी मोठी मासिक सरासरी कधीच आली नव्हती.

अर्धं जग घरात बसलेलं असताना हे झालं कसं? यंत्र चुकलं नव्हतं. नुसता हिशेब मांडला तरी उत्तर मिळतं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड एक पीपीएमने वाढायला सुमारे ७८० कोटी टन वायू लागतो. कोळसा, तेल, गॅस आणि सिमेंट मिळून २०१९ साली जगाने साधारण ३,७०० कोटी टन सोडला. २०२० मध्ये तो २०० कोटी टनांच्या आसपास घटला. एवढी मोठी वार्षिक घट आधी कधी झालेली नव्हती, पण तिला ७८० ने भागा: पाव पीपीएम. त्यातही सोडलेल्या वायूपैकी जवळजवळ निम्मा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात, म्हणून हवेत दिसणारा फरक उरतो पीपीएमचा आठवा हिस्सा. एरवी वर्षाची वाढ अडीच पीपीएमच्या आसपास असते. म्हणजे टाळेबंदीने अडीचचे फार तर दोन पूर्णांक चार केले. शिवाय एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गरम असतं तेव्हा, उष्ण कटिबंधातली जंगलं कमी वायू शोषतात, ला निनाच्या वर्षी, म्हणजे ते गार असतं तेव्हा, जास्त. एवढ्या एका कारणाने वार्षिक वाढ एखाद्या पीपीएमने इकडे-तिकडे होते. त्या चढउतारात आठवा हिस्सा शोधणार कुठे?

राकसकोप जलाशयात येणारा ओढा थोडा आटला म्हणून पातळी उतरत नाही. जाणाऱ्या पाण्यापेक्षा येणारं पाणी जास्त असेपर्यंत ती चढतच राहते, जरा सावकाश इतकंच. हवेतल्या कार्बनची गत तीच आहे.

मग आकाश का निवळलं? कारण डोळ्यांना दिसते ती घाण अल्पायुषी असते. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड काही तासांत विरतो. बारीक धूलिकण काही दिवस, फार तर आठवडाभर तरंगतात आणि वळवाची एक सर आली की खाली बसतात. त्यामुळे नवा पुरवठा थांबला की चार दिवसांत फरक दिसतो. मिथेन हवेत नऊ-दहा वर्षं टिकतो. कार्बन डायऑक्साइडचं एकच एक आयुष्य सांगताच येत नाही: काही भाग काही दशकांत समुद्रात मुरतो आणि बराचसा शतकानुशतकं राहतो. आजच्या हवेत आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या आगगाडीच्या कोळशाचाही वाटा आहे. त्या वायूला ना रंग, ना वास, म्हणून तो वाढला तरी गच्चीवरून कळत नाही.

घट किती झाली आणि कुठे, हेही नीट पाहायला हवं. ७ एप्रिल २०२० च्या सुमारास जगाचं रोजचं उत्सर्जन २०१९ च्या सरासरीपेक्षा १७ टक्क्यांनी खाली होतं. हा तळ होता. भारतात कडक टाळेबंदीच्या दिवसांत घट एक चतुर्थांशाच्या घरात गेली. जगातली जवळजवळ निम्मी घट एकट्या रस्ता वाहतुकीची. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पेट्रोलचा सुमारे २.३ किलो. बेळगाव-कोल्हापूर ११० किलोमीटर, बस लिटरला पाच किलोमीटर धरली तर एका फेरीला २२ लिटर, म्हणजे ६० किलोच्या आसपास वायू. अशा फेऱ्या बंद झाल्या.

पण तळाच्या दिवशीसुद्धा ८३ टक्के चालूच होतं! औष्णिक वीजकेंद्रं मंदावली, विझली नाहीत. घरातले पंखे, फ्रीज, पंप चालू होते, गॅसवर स्वयंपाक होत होता, खतांचे कारखाने आणि शेती थांबणं शक्यच नव्हतं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांचं धुराडं मात्र या हिशेबात वेगळं धरावं लागतं. तिथे जळणारा बगॅस (उसाचा चोथा) म्हणजे उसानेच वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतून घेतलेला कार्बन. तो परत गेला तर जीवाश्म इंधनाच्या खात्यात भर पडत नाही. पाचट पेटवलं तरी कार्बनचं गणित तेच, पण त्याची काजळी आणि धूर फुकट छातीत जातात, म्हणून ते पेटवू नये हेच बरं.

मिथेनच्या बाबतीत तर उलटंच घडलं. २०२० मध्ये हवेतला मिथेन सुमारे १५ पीपीबीने वाढला, २०२१ मध्ये सुमारे १८ ने. (पीपीबी म्हणजे शंभर कोटी रेणूंमागे एक.) १९८३ पासूनच्या नियमित नोंदींत इतकी वाढ कधी झाली नव्हती. एक कारण पाऊस: उष्ण कटिबंधातल्या पाणथळ जमिनी जास्त भिजल्या, आणि चिखलात ऑक्सिजन संपला की तिथले सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. खानापूरच्या भातखाचरांत पाणी साचून राहिलं की तेच होतं. मधून मधून पाणी काढून जमिनीला हवा लागू दिली तर ते कमी होतं.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. हवेतला मिथेन मुख्यतः हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय चपळ रेणू नष्ट करतो. तो सूर्यप्रकाश, ओझोन आणि वाफ यांतून तयार होतो, सेकंदभर टिकतो आणि समोर येईल त्यावर तुटून पडतो. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड त्याची निर्मिती वाढवतात. २०२० मध्ये हा धूर घटला, हायड्रॉक्सिल कमी झालं आणि मिथेन नष्ट होण्याचा वेग मंदावला. त्या वर्षीच्या जादा वाढीपैकी जवळजवळ निम्मी यामुळे झाली असावी, असा एक अंदाज आहे. याचा अर्थ धूर चांगला असा कुणी काढू नये. त्याच धुराने माणसं मरतात.

आता मोजणीकडे येऊ, कारण हल्ली ऑनलाइन मिळणारी कार्बन डायऑक्साइड मोजण्याची लहान यंत्रं शाळा-कॉलेजांत दिसतात आणि त्यांच्यावरून भलते निष्कर्ष निघतात. त्यांत अवरक्त किरणांचा दिवा असतो. हा वायू ते किरण किती शोषतो यावरून आकडा निघतो. चूक साधारण ३० ते ५० पीपीएमची. टाळेबंदीचा आठवा हिस्सा त्यात दिसणं अशक्यच, पण त्याआधी चार खोड्या आहेत.

पहिली उंचीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, म्हणून हवेचा दाब साडेआठ टक्के कमी. यंत्रात उंची भरली नाही तर ४१५ च्या जागी ३८० दिसतात आणि पोरं टाळ्या वाजवतात. दुसरी वाफेची. पावसाळ्यात इथल्या हवेत तीन टक्क्यांपर्यंत वाफ असते, आणि तेवढ्याने ४१५ पैकी बारा पीपीएम गायब होतात. म्हणून वेधशाळांमध्ये आकडा कोरड्या हवेचा देतात. तिसरी खोडी सर्वात फसवी: बरीचशी यंत्रं दर आठवड्याला आपला सर्वात कमी आकडा ४०० धरून स्वतःला जुळवून घेतात. ही सोय बंद केली नाही तर वर्षानुवर्षांची वाढ यंत्रच पुसून टाकतं. चौथी खोडी आपली स्वतःची, कारण उच्छ्वासात ४० हजार पीपीएम असतो. यंत्रावर वाकून आकडा वाचला की संपलं.

मौना लोआत यासाठी ज्ञात प्रमाणाचा वायू ठरावीक वेळाने यंत्रात सोडून ते तपासतात, आणि डोंगराखालची हवा चढून येते त्या तासांच्या नोंदी गाळतात. आपल्या जवळचं उदाहरण गोव्यातल्या काब-द-रामाचं. तिथे १९९३ पासून समुद्राकाठी काचेच्या बाटल्यांत हवेचे नमुने भरून प्रयोगशाळेत पाठवले जात. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून दक्षिण गोलार्धाची स्वच्छ हवा येते, हिवाळ्यात देशाच्या आतली, म्हणून एकाच ठिकाणी ऋतूप्रमाणे आकडे पालटतात.

टाळेबंदीचा ठसा शास्त्रज्ञांना सापडला तो एकूण पातळीत नव्हे, फरकात. युरोपातल्या काही शहरांत उंच मनोऱ्यांवर हवेच्या झुळकांबरोबर वर जाणारा वायू मोजतात. तिथे उत्सर्जन निम्म्याहून अधिक घटल्याचं दिसलं.

त्याच धर्तीवर बेळगावात मोजायचं तर दोन यंत्रं घ्यावीत. आधी ती चोवीस तास शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यातला कायमचा फरक टिपून घ्यावा. मग एक पश्चिमेला उचगाव-बेळगुंदीकडच्या शिवारात, दुसरं खडेबाजारात, दोन्ही माणसाच्या डोक्यापेक्षा वर. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, तोच दिवस निवडावा. दुपारी दोन ते चार या वेळेतली तासाभराची सरासरी घ्यावी. रात्री जमिनीलगत हवा कोंडते, झाडं-माती श्वसन करत असतात आणि पहाटे शिवारातही आकडा शहरासारखा फुगतो. दोन सरासऱ्यांची वजाबाकी करून आधी टिपलेला फरक काढून टाकला की उरतो तो गावाचा स्वतःचा वाटा. रविवार आणि सोमवार असे चार-पाच आठवडे मोजलं, तर गाड्यांची संख्या कमी-जास्त झाल्याचं त्यात उमटतं का ते पाहता येईल. शेवटी यंत्रांची अदलाबदल करून एकदा पुन्हा मोजावं.