गोव्यातले जहाजांचे आणि बोटींचे अपघात: खबर आणि चौकशी

गोव्याच्या समुद्रात बोट उलटली, जहाज वाळूत रुतलं किंवा मांडवीत दोन बार्ज (माल वाहणाऱ्या सपाट बोटी) एकमेकींवर आदळल्या तर खबर कुणाला द्यायची आणि चौकशी कोण करणार, हे दोन गोष्टींवरून ठरतं: पाणी कुठलं आणि बोट कसली. नदीतल्या बार्ज आणि पर्यटकांच्या बोटी पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे येतात, ट्रॉलरची नोंदणी मत्स्योद्योग खात्याकडे असते, मुरगाव बंदराच्या हद्दीत पोर्ट अथॉरिटी बघते, आणि व्यापारी जहाजांचं सगळं मुंबईच्या डीजी शिपिंगकडे (केंद्राचं जहाज वाहतूक महासंचालनालय), म्हणजे प्रत्यक्षात त्यांच्या मर्कंटाईल मरीन डिपार्टमेंटच्या सर्व्हेयरकडे जातं.

आधी अर्थातच माणसं वाचवायची. बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर हाक द्यायची, किनाऱ्यावरून कोस्ट गार्डचा १५५४ नंबर लावायचा, कागदपत्रं त्याच्यानंतर. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याप्रमाणे जहाज बुडालं, सोडून द्यावं लागलं, रुतलं, त्याचं मोठं नुकसान झालं किंवा अपघातात कुणाचा जीव गेला तर कप्तानाने किंवा जहाज ज्याच्या ताब्यात आहे त्याने ताबडतोब कळवायचं असतं. मग प्राथमिक चौकशी होते, आणि गरज वाटली तर मॅजिस्ट्रेटसमोर औपचारिक चौकशी, ज्यात समुद्री किंवा व्यापारी कामाची माहिती असलेले २ ते ४ असेसर, म्हणजे तज्ज्ञ सल्लागार, बसतात. २०२५ मध्ये या १९५८ च्या कायद्याच्या जागी येणारा नवा कायदा संसदेने पास केला.

चौकशी उभी राहते ती पुराव्यावर, आणि समुद्रात पुरावा फार लवकर जातो. ३००० टन ग्रॉसच्या वरच्या, १ जुलै २००२ नंतर बांधलेल्या मालवाहू जहाजांवर व्हीडीआर (व्हॉयेज डेटा रेकॉर्डर) असतो, विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखा, त्यात ब्रिजवरचं (जहाज चालवतात त्या खोलीतलं) बोलणं, रडार, वेग, दिशा सगळं येतं, पण जुन्या मशीनमध्ये जेमतेम १२ तासांचं रेकॉर्डिंग राहतं आणि वेळेत सेव्ह केलं नाही तर त्याच्यावरच नवीन चढतं. ट्रॉलरवर तेही नसतं. तिथे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, काय आठवतं, जीपीएसमध्ये काय उरलंय आणि वाचलेले खलाशी काय सांगतात एवढंच हातात असतं, म्हणून जबाब लगेच आणि प्रत्येकाचा वेगवेगळा घ्यायला हवा, किनाऱ्यावर आल्यावर सगळे एकत्र बसून बोलले की आठवणी एकमेकांत मिसळतात.

आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएमओचा (संयुक्त राष्ट्रांची सागरी संघटना) अपघात तपास कोड, म्हणजे नियमावली, १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. जहाज पूर्ण गेलं, जीव गेला किंवा पर्यावरणाचं फार मोठं नुकसान झालं तर ज्या देशाचा झेंडा त्या जहाजावर आहे त्याने तपास करायलाच पाहिजे, आणि ज्याच्या किनाऱ्यावर घडलं त्या देशालाही त्यात भाग घेता येतो. हा तपास दोषी ठरवायला नाही, कारण शोधून पुढचा अपघात टाळायला असतो. पोलिस केस, लायसन्सवरची कारवाई हे सगळं वेगळं चालतं आणि ते वेगळंच राहिलं पाहिजे, कारण शिक्षेच्या भीतीने माणूस खरं सांगत नाही.

युद्धनौकांना हा कोड लागू नाही. २१ नोव्हेंबर २०२४ ला गोव्यापासून साधारण ७० सागरी मैलांवर नौदलाची पाणबुडी आणि 'मार्थोमा' ही मासेमारी बोट यांची टक्कर झाली, बोटीवर १३ जण होते, ११ वाचले, आणि नौदलाने चौकशीचे आदेश दिले.

चौकशी झाली म्हणजे जहाज हललं असं मात्र नाही. 'रिव्हर प्रिन्सेस' जून २००० मध्ये कांदोळीला रुतलं ते २०१२ पर्यंत तिथेच गंजत पडलं, किनाऱ्याची वाळू त्या बाजूला वाहून गेली आणि शॅकवाल्यांपासून रापणकारांपर्यंत (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) सगळ्यांनी ते भोगलं, कारण सांगाडा काढायची जबाबदारी आणि खर्च हे प्रकरणच वेगळं असतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'नू शी नलिनी' हे नाफ्था (पटकन पेटणारं तेल) भरलेलं, माणूस नसलेलं जहाज दोना पावलाजवळ खडकांवर आलं तेव्हा लोकांना धडकी भरली ती म्हणूनच.

छोट्या बोटवाल्यांनी खबर लेखी द्यावी, शिक्का मारलेली कॉपी जवळ ठेवावी आणि सर्व्हे होईपर्यंत बोट दुरुस्तीला काढू नये, विम्याच्या दाव्यातही हेच कागद मागतात.