पांढरी पूड कोणाची: खायचा सोडा की धुण्याचा सोडा?

स्नेहसंमेलनाचा करंडक कपाटातून गायब. फळीवर सांडलेली चिमूटभर पांढरी पूड. संशयित दोन: केक करणारे बेकरीवाले काका आणि लाँड्रीवाले मामा. सहावी-सातवीच्या वर्गात हा खोटा गुन्हा रचला की पुढचे दोन तास कोणी खिडकीबाहेर बघत नाही. पूड वाटून झाली की कोणीतरी विचारतंच, "सर, व्हिनेगर टाकू?" फेस उसळतो आणि अर्धा वर्ग ओरडतो, "खायचा सोडा!" काकांना बेड्या.

फार घाई झाली. मामांच्या धुण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं तरी असाच फेस येतो. आम्ल पडलं की दोन्ही सोड्यांतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. व्हिनेगरमुळे एवढंच कळलं की ही पूड मीठ नाही, पिठीसाखर नाही, कॉर्नफ्लोअरही नाही. काका की मामा, हा प्रश्न होता तिथेच आहे. पुष्कळ ठिकाणी खेळ इथेच संपवतात, कारण फेस दिसायला झकास असतो. मला विचाराल तर खरी मजा फेस बसल्यावर सुरू होते.

आधी दोघांची ओळख करून घेऊ. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ढोकळा, भजी, केक, नानकटाई, आणि छातीत जळजळलं की पाण्यातून घ्यायचा तोच हा. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, तेव्हा तो त्या पाण्यातल्या कॅल्शियमला साक्याच्या रूपात खाली बसवतो आणि साबणाचं काम सोपं करतो. दुकानात हा सोडा दोन रूपांत मिळतो. एक कोरडी भुकटी. दुसरे काचेसारखे खडे, ज्यांत सोड्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे १० रेणू अडकलेले असतात. खडे उघड्यावर ठेवले की पाणी सोडून त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. बंद बरणीत ठेवले तर ३३ अंशांच्या आसपास ते आपल्याच पाण्यात विरघळू लागतात, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात बरणीत खड्यांऐवजी चिकट गोळा सापडला तर नवल नाही. ही दोन रूपं ध्यानात ठेवा, पुढे तीच घोळ घालणार आहेत.

दोघांचं नातंही जवळचं आहे. खायचा सोडा तापवला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडून तो धुण्याचा सोडा होतो. कारखान्यातही हेच चालतं. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे याने १८६१ मध्ये जी पद्धत काढली, तिच्यात मिठाच्या पाण्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. बायकार्बोनेट कमी विरघळतं, म्हणून ते आधी तळाशी बसतं. ते गाळून भाजलं की कार्बोनेट तयार. गुजरातेत मिठापूरला १९३९ मध्ये टाटा केमिकल्स उभी राहिली ती समुद्राच्या मिठापासून असाच सोडा करण्यासाठी. उलटा प्रवासही होतो: शुद्ध कार्बोनेटच्या द्रावणात पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडून खाण्यायोग्य सोडा करतात. एकातून दुसरा आणि दुसऱ्यातून पहिला निघतो म्हटल्यावर मुलं गोंधळली तर त्यांचा दोष नाही.

खेळाचा एक नियम फळ्यावर ठळक लिहून ठेवावा: चाखायचं नाही. स्वयंपाकघरातली पूड म्हटली की पोरांचं बोट जिभेकडे जातंच. धुण्याचा सोडा चांगलाच तिखट अल्कली आहे. जीभ, डोळे, कातडी, सगळ्यांना त्रास देतो. चष्मा लावायचा आणि शेवटी हात धुवायचे.

आता चाचण्या. तांबडा लिटमस दोघेही निळा करतात, म्हणजे तोही व्हिनेगरच्याच पंगतीतला. रंग-रूपावर जाण्यातही अर्थ नाही. हळद मात्र थोडं बोलते. टिपकागदावर हळदीची पेस्ट लावून वाळवा आणि दोन्ही द्रावणांचा एकेक थेंब शेजारी-शेजारी टाका. दोन्हीकडे लालसर होईल, पण खायच्या सोड्याचा डाग नारिंगीकडे झुकेल आणि धुण्याच्या सोड्याचा गडद तपकिरी-लाल पडेल. कारण सामू, म्हणजे pH: द्रावण किती आम्ल किंवा किती अल्कली हे सांगणारा आकडा. खायच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू साधारण ८.३ असतो, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या वर. आकड्यांत हा फरक तीनाच्या आसपास दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक घर दहापटीचं असतं, म्हणजे अल्कलीपणा हजार पटीच्या घरात वाढला. अडचण अशी की हळदीचा फरक उन्नीस-बीसचा असतो आणि दोन्ही डाग शेजारी असतील तरच दिसतो. एकटा डाग दाखवून "हा गडद आहे का?" विचारलं तर चाळीस मुलांची चाळीस मतं पडतात.

जांभळा कोबी मिळाला तर काम सोपं. तो किसून गरम पाण्यात ठेवला की निघणारा रस खायच्या सोड्यात निळा होतो आणि धुण्याच्या सोड्यात हिरवा, जास्त झाला तर पिवळट हिरवा. प्रयोगशाळेत फिनॉल्फथॅलीन, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणारं रसायन असेल तर आणखी सोपं: एकीकडे फिकट गुलाबी किंवा काहीच नाही, दुसरीकडे भडक राणी रंग.

बिनखर्चाची एक चाचणी सहसा कोणी करत नाही, ती विरघळण्याची. १० मिली पाण्यात २ ग्रॅम पूड टाका आणि निवांत ढवळा. धुण्याचा सोडा, भुकटी असो वा खडे, पूर्ण विरघळतो. भुकटीच्या आधी गाठी होतात, तेवढा धीर धरावा लागतो. खायचा सोडा निम्म्याच्या आसपास तळाशी राहतो, कारण १०० मिली पाण्यात तो सुमारे १० ग्रॅमच मावतो. सॉल्व्हेचा कारखाना ज्या गुणावर चालतो, तोच गुण इथे चोर पकडायला कामी येतो.

हात लावून गार-गरम बघण्याची चाचणी मात्र फसवी आहे. खायचा सोडा पाण्यात टाकला की पाणी किंचित गार होतं, धुण्याच्या सोड्याची कोरडी भुकटी टाकली की गरम. इथवर छान. पण मामांकडे खडे असतील तर? खडे विरघळतानाही पाणी गार करतात, आणि निर्दोष काका पुन्हा अडकतात.

तापवण्याच्या चाचणीतही हाच सापळा आहे. कोरड्या परीक्षानळीत पूड घेऊन तापवली आणि नळीच्या गार तोंडाशी पाण्याचे थेंब जमले, की मुलं लगेच "खायचा सोडा!" लिहून मोकळी होतात. खड्यांमधूनही पाणीच निघतं, उलट जास्त निघतं. निकाल थेंबांवर लावायचा नाही, वायूवर लावायचा. नळीला वाकडी काचनळी जोडून तिचं टोक चुन्याच्या निवळीत बुडवा. निवळी दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड निघाला आणि पूड काकांची. धुण्याचा सोडा बर्नरच्या आचेवर पाणी सोडेल, वायू सोडणार नाही. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. वायू फार वेळ सोडत राहिलात तर दुधाळ झालेली निवळी पुन्हा स्वच्छ होते आणि उशिरा बघायला आलेला गट चुकीचं निरीक्षण लिहून जातो. आणि ज्योत बंद करण्याआधी काचनळी निवळीबाहेर काढायची, नाहीतर गार होणारी नळी निवळी आत ओढून घेते आणि तापलेली काच तडकते.

ज्यांच्याकडे बरा तराजू आहे त्यांनी तापवून वजनही करावं. खायचा सोडा १० ग्रॅम घेऊन पूर्ण भाजला तर ६.३ ग्रॅम उरतो. ताजे खडे १० ग्रॅम घेतले तर ३.७ ग्रॅम उरतात. म्हणजे एकाचं जेवढं उरतं, जवळजवळ तेवढंच दुसऱ्याचं उडून जातं. उरलेलं आणि उडालेलं यांत गल्लत केलीत तर उत्तर बरोबर उलटं येईल.

आता ज्या फेसाला सुरुवातीला निकामी ठरवलं, त्याच्याकडे परत येतो. व्हिनेगर ओतलं तर तो काही सांगत नाही. थेंब-थेंब टाकलं तर सगळं सांगतो. एक ग्रॅम पूड २० मिली पाण्यात विरघळवा. त्यात फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब. ड्रॉपरने व्हिनेगर सोडायचं आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळायचं. पुडीत खायचा सोडा असेल तर मिली-दोन मिलीत बुडबुडे सुरू होतात. धुण्याच्या सोड्याची कोरडी भुकटी असेल तर गंमत बघा. थेंब पडतो तिथे रंगाला क्षणभर पांढरा ठिपका पडतो, ढवळलं की राणी रंग परत येतो, आणि बुडबुडे जवळपास नाहीतच. एक मिली, तीन मिली, पाच मिली. "सर, हे व्हिनेगर खराब आहे," असं एक तरी मूल म्हणतं. आठ-दहा मिलीच्या सुमारास रंग विरायला लागतो, गुलाबी, फिकट गुलाबी, आणि तो जाता-जाताच द्रावण फसफसू लागतं.

झालं काय? पहिल्या निम्म्या आम्लाने कार्बोनेटचं बायकार्बोनेट केलं. म्हणजे पेल्यात धुण्याच्या सोड्याचा खायचा सोडा झाला, वायू न सोडता. फिनॉल्फथॅलीनचा रंग गेला तो हा बदल पुरा झाल्याची खूण. त्यानंतरचं आम्ल त्या नव्या बायकार्बोनेटवर पडतं आणि तेव्हा कुठे कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. व्हिनेगर एकदम ओतलं की दोन्ही पायऱ्या क्षणात उरकतात आणि फरक फेसाखाली गाडला जातो. ढवळण्यात आळस केला तरी तेच: थेंब पडला तिथल्या तिथे आम्ल साचतं आणि चुकार बुडबुडे येतात. म्हणून ढवळणारा हात गटातल्या सगळ्यात धीराच्या मुलाचा हवा. बाजारातलं व्हिनेगर साधारण ४-५ टक्के अॅसिटिक आम्लाचं असतं, त्यावर मिलीचे आकडे थोडे मागे-पुढे होतील. क्रम बदलत नाही.

अकरावी-बारावीची मुलं हे दोन सोडे ओळखायला मॅग्नेशियम सल्फेट वापरतात, म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारं एप्सम सॉल्ट. त्याचं द्रावण धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात टाकलं की थंडच असताना पांढरा साका पडतो. खायच्या सोड्यात काही होत नाही, उकळलं की मग गढूळ होतं. चाचणी स्वच्छ आहे, आणि जुना माल ओळखायलाही बरी. फडताळात वर्षभर उघडी राहिलेली खायच्या सोड्याची पुडी कधी-कधी थंडपणीच हलकी गढूळते, कारण तिच्यातला थोडा सोडा आधीच कार्बोनेट झालेला असतो.

यावरून तिसरा संशयित आणायची कल्पना सुचते. दोनच संशयित दिले की मुलं "हा नाही म्हणजे तो" असा हिशेब करतात, आणि पुडीत दोन्ही असतील ही शक्यता कोणाच्या डोक्यात येत नाही. निसर्गात ती अगदी सहज येते. बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणी सुमारे १० सामूचं, आणि तिथून पूर्वी सोडा काढत असत. अशा खाऱ्या, अल्कधर्मी तळ्यांच्या काठी जे ट्रोना नावाचं खनिज धरतं, त्याच्या एकाच स्फटिकात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट शेजारी-शेजारी बसलेले असतात. घरात शोधायचं तर पापडखार आहेच. त्यातही बहुधा या दोघांचं मिश्रण असतं.

तेव्हा पुढच्या वेळी फळीवर पापडखार सांडा आणि यादीत पापड लाटणाऱ्या काकूंचं नाव घाला. मॅग्नेशियमवर थंडच साका पडला की वर्ग मामांवर धावून जाईल. तापवल्यावर निवळी दुधाळ झाली की काकांवर. दोन्ही पुरावे खरे आणि एकमेकांच्या विरुद्ध. थोडा वेळ भांडू द्यावं. मग मॅग्नेशियम सल्फेट अंमळ जास्तच टाकून पडलेला साका गाळून घ्यायला सांगावं, आणि गाळलेलं स्वच्छ पाणी उकळायला. त्या पाण्यात आता कार्बोनेट उरलेलं नाही. तरीही उकळताना ते पुन्हा गढूळ झालं तर पुडीत दोन्ही सोडे होते, आणि करंडक काकूंच्या घरी आहे.