मृगाच्या पावसाची वाट पाहणारी गाबोळी

मृगाचा पाऊस झोडपून गेला की कोकणात ओढ्या-नद्यांतले मासे उलट्या धारेने भाताच्या खाचरांत चढतात. रायगडकडे याला वलगण म्हणतात. या माशांची पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टच्च भरलेली असतात, पण ती काही एका पावसात भरत नाहीत. कटला, रोहू, मृगळ यांचंही तसंच. उन्हाळ्याकडे दिवस मोठा होतो, पाणी तापू लागतं, तशी मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी कामाला लागते. तिच्या संप्रेरकांमुळे अंडाशयात इस्ट्रॅडिऑल हे मादी संप्रेरक वाढतं, ते यकृताकडून बलकाचं प्रथिन बनवून घेतं आणि रक्तातून आलेला हा बलक अंड्यांत साठतो. मग पूर आला की पीयूषिकेतून संप्रेरकाची मोठी लाट सुटते, इस्ट्रॅडिऑल ओसरतं आणि मादी अंडी सोडते.

तळ्यात पाळलेल्या रोहू-कटल्याची अडचण नेमकी इथेच होती. गाबोळी भरायची, पण शेवटची लाट यायचीच नाही. पावसाळा सरला की अंडी अंगातच जिरायची. त्यामुळे मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, पुराच्या नदीतून गाळून आणावं लागे आणि त्यात नको त्या जातींची पिल्लंही येत.

1930 मध्ये अर्जेंटिनात बर्नार्डो हुसे यांनी एका माशाची पीयूषिका दुसऱ्याला टोचून पाहिली. पुढे ब्राझीलमध्ये याच वाटेने मासे अंडी घालू लागले. आपल्याकडे मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे हे करून दाखवलं. माशाची कवटी उघडून मोहरीएवढी ग्रंथी काढायची, अल्कोहोलमध्ये ठेवायची, खलून टोचायची. मादीला सहा तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं, नराला एकच. मग दोघांना हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, सोडायचं. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन झाला तो यामुळेच. चौधरींचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

डोकी फोडण्याचं काम संपलं ते 1980 च्या दशकातल्या संशोधनामुळे. मेंदूतलं डोपामाइन हे रसायन या लाटेला लगाम घालतं, हे कॅनडाचे रिचर्ड पीटर आणि चीनचे लिन हाओरान यांच्या कामातून पुढे आलं. पीयूषिकेला चालना देणारं कृत्रिम संप्रेरक आणि डोपामाइन रोखणारं औषध, असं एकत्र इंजेक्शन आता मिळतं.

पण बलक भरलेला नसेल तर तेही लागू पडत नाही. म्हणून मत्स्यबीज केंद्रात आजही आधी मादीचं पोट मऊ लागतं का ते चाचपतात आणि नराच्या छातीच्या परावर बोट फिरवतात. तो खरखरीत लागला, म्हणजे नर तयार असला, तरच सुई बाहेर निघते.