शासकीय कार्यालयांचे हरितीकरण

शासनाचा रोजचा कारभार चालताना वीज, इंधन, पाणी, कागद आणि यंत्रसामग्री खर्ची पडते, कचराही निघतो. या सगळ्याचा पर्यावरणावर पडणारा भार मोजून तो पद्धतशीरपणे कमी करणे म्हणजे शासकीय कार्यालयांचे हरितीकरण. कारखान्यांसाठीचे प्रदूषणाचे नियम किंवा वनसंरक्षण या नोंदीत येत नाही. ते नियम लिहिणाऱ्याचे स्वतःचे टेबल, दिवा, गाडी आणि अभिलेख कक्षातले गठ्ठे एवढाच इथला विषय. तरी तो किरकोळ नाही. अमेरिकेत संघशासन हे देशातले सर्वांत मोठे ऊर्जाग्राहक आहे. युरोपीय संघात सार्वजनिक संस्थांची वार्षिक खरेदी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १४ टक्के भरते.

एवढे मोठे गिऱ्हाईक काय करू शकते, याचा नमुना १९९३ मध्ये दिसला. वापर नसताना आपोआप कमी विजेवर जाणाऱ्या उपकरणांसाठी अमेरिकेत १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ हे ऐच्छिक चिन्ह सुरू झाले होते. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संघशासनाच्या खात्यांना संगणक, मॉनिटर आणि प्रिंटर या चिन्हाचेच घेण्याचे बंधन आले. सरकारी मागणीवर पाणी सोडणे कोणत्याही उत्पादकाला परवडणारे नव्हते, आणि सरकारसाठी एक व बाकीच्यांसाठी दुसरे अशी दोन मॉडेले काढणेही सोयीचे नव्हते. पडदा आपोआप झोपण्याची सोय त्यामुळे सर्वांच्याच संगणकात आली. २००१ मध्ये हाच डाव पुन्हा खेळला गेला : बंद ठेवलेले पण प्लगला लावलेले उपकरण शक्यतो एक वॉटपेक्षा जास्त वीज खाणार नाही, असे पाहून खरेदी करण्याचा आदेश निघाला. जपानने २००० मध्ये हरित खरेदीचा स्वतंत्र कायदाच केला.

भार मोजण्यासाठी बहुतेक शासने हरितगृह वायूंच्या आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीतल्या तीन कक्षा वापरतात. कार्यालयाच्या आवारात आणि गाड्यांत जळणारे इंधन पहिल्या कक्षेत, विकत घेतलेली वीज दुसऱ्या कक्षेत, आणि खरेदी केलेला माल, विमानप्रवास, कर्मचाऱ्यांचे येणे-जाणे, कचरा हे सारे तिसऱ्या कक्षेत मोडते. पहिल्या दोन कक्षांचे आकडे बिलांवरून मिळतात. तिसरी कक्षा अनेकदा सर्वांत मोठी निघते, आणि तिचाच हिशेब सर्वांत ढिला असतो. घरून काम सुरू केल्यावर कार्यालयाचे वीजबिल उतरते, पण त्यातला काही भाग कर्मचाऱ्यांच्या घरच्या बिलात जाऊन बसलेला असतो. तो बहुधा कुणाच्याच तक्त्यात दिसत नाही.

कार्यालयाच्या इमारतीत विजेचा मोठा खाऊ म्हणजे हवा थंड किंवा उबदार ठेवणारी यंत्रणा. दिव्यांचे काम तुलनेने सोपे आणि बऱ्याच ठिकाणी उरकलेलेही आहे : चोकसह ४५–५० वॉट घेणाऱ्या जुन्या नळीच्या जागी १८–२० वॉटची एलईडी नळी बसवली की झाले. वातानुकूलनात मात्र रचना, देखभाल आणि माणसांच्या सवयी एकमेकांत गुंतलेल्या असतात. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००५ च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ मोहीम काढली. कार्यालयातले तापमान २८ अंशांवर ठेवायचे आणि त्याबरोबर कोट-टाय घरी ठेवायचा, अशी ती जोडगोळी होती. पोशाखाचा शिष्टाचार तसाच ठेवून नुसते तापमान वाढवले असते, तर दुपारपर्यंत कुणीतरी ते खाली आणलेच असते. भारतात याच्या दुसऱ्या टोकाने सुरुवात झाली : जानेवारी २०२० पासून तारांकित (वीजबचतीचे तारे मिळालेले) खोली-वातानुकूलक कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. हवे त्याला ते बदलता येते, पण बदलण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात, यावर सगळी भिस्त आहे.

मध्यवर्ती यंत्रणेत पंखे आणि पंप यांचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारे नियंत्रक बसवणे हा फारसा न दिसणारा, पण जबरदस्त उपाय आहे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. यंत्रातून गळणारा वायू ही दुसरी दुर्लक्षित बाजू. वातानुकूलकांत सर्रास वापरल्या गेलेल्या आर-४१०ए या थंडावा देणाऱ्या वायुमिश्रणाची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट धरतात. म्हणजे दुरुस्तीच्या वेळी एक किलो वायू हवेत सोडून दिला, तर तो दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. ‘गॅस भरला’ एवढीच नोंद असलेल्या देखभालीच्या बिलात हा आकडा दडलेला असतो.

कागदाभोवती सर्वाधिक घोषणा होतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या कागदाचा ए-४ आकाराचा ताव पाच ग्रॅमचा असतो. ५०० तावांचे रीम अडीच किलोचे, म्हणजे टनभर कागदात दोन लाख ताव. प्रिंटर मुळातच दोन्ही बाजूंनी छापेल असा लावून ठेवला, तर कुणाला काही सांगावे लागत नाही. ‘कृपया कागद वाचवा’ या पाटीपेक्षा हे कितीतरी परिणामकारक, आणि ती पाटीही पुन्हा कागदावरच छापलेली असते. पुनर्चक्रित कागदाची अटही जुनी आहे : अमेरिकी संघशासनाने १९९३ च्या आदेशाने छपाई व लेखनाच्या कागदात वापरून झालेल्या कागदाचा अंश १९९४ अखेर २० टक्के आणि १९९८ अखेर ३० टक्के असावा असे ठरवले होते. पुढे ई-नस्ती, म्हणजे संगणकावरच्या फायली, आल्या. दुबईच्या शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये आपला अंतर्गत कारभार पूर्ण कागदमुक्त झाल्याचे जाहीर केले. मात्र टिपणी पडद्यावर मंजूर करून मग तिची छापील प्रत ‘अभिलेखासाठी’ काढली जात असेल, तर कागद तेवढाच राहतो आणि वर सर्व्हरची वीज लागते ती वेगळी. कागदमुक्तीचे खरे काम सॉफ्टवेअरपेक्षा नियमावलीत असते : कोणती नोंद किती वर्षे ठेवायची, डिजिटल स्वाक्षरी लेखापरीक्षणात ग्राह्य धरायची की नाही, हे लेखी ठरल्याशिवाय कोणताही लिपिक कागदाची प्रत सोडणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

यंत्रसामग्रीची गोष्ट जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, अडकते. लॅपटॉपच्या आयुष्यातील एकूण उत्सर्जनाचा मोठा भाग बहुधा तो तयार होतानाच झालेला असतो. तो चारऐवजी सहा वर्षे वापरणे हीच मोठी बचत. पण मोडलेली वस्तू दुरुस्त करणे हे नवी घेण्यापेक्षा कागदोपत्री अवघड, आणि निर्लेखन समिती (जुन्या वस्तू नोंदवहीतून कमी करायला मंजुरी देणारी) बसेपर्यंत जुने मॉनिटर, बॅटऱ्या, खुर्च्या जिन्याखाली पडून राहतात. तोवर चालू स्थितीतला संगणकही निकामी होतो. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यातला चौथा हिस्साही अधिकृतपणे गोळा होऊन पुनर्चक्रित झाला नाही. कार्यालयांनी यात जबाबदारीने भर न घालण्याचा मार्ग म्हणजे पुन्हा वापरासाठी वेळीच हस्तांतर, आणि लिलावात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्या भंगारवाल्याऐवजी अधिकृत पुनर्चक्रकाला माल देणे.

इथे प्रश्न लेखाशीर्षांचा, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या वेगवेगळ्या खात्यांचा, येतो, आणि हरितीकरण बहुधा इथेच अडते. यंत्र एका शीर्षातून विकत घेतले जाते, त्याची वीज दुसऱ्या शीर्षातून भरली जाते. खरेदी करणाऱ्याने दरपत्रकातले सर्वांत स्वस्त यंत्र घेतले तर त्याची पाठ थोपटली जाते. पुढची दहा वर्षे जास्त येणारे बिल दुसऱ्याच खात्याच्या नावावर चढते. वर्षअखेर वाचलेला निधी परत जातो आणि पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाते, म्हणून बचत करणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. यावर दोन तोडगे रुळले आहेत. पहिला, निविदेत खरेदीकिंमतीऐवजी संपूर्ण आयुष्याचा खर्च तुलनेला घेणे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदीविषयक निर्देशात त्याची मुभा स्पष्टपणे दिली आहे. दुसरा, ऊर्जासेवा कंपनीने स्वतःच्या पैशाने यंत्रणा बदलायची आणि झालेल्या बचतीतून हप्त्याहप्त्याने वसूल करायची. हा करार ऐकायला सुटसुटीत वाटतो, पण कामाचे तास, माणसे किंवा हवामान बदलले की ‘बचत नेमकी किती झाली’ यावर वाद होतो.

पाणीबचत, कचऱ्याचे वर्गीकरण, विजेवर चालणाऱ्या गाड्या, बैठकांसाठी प्रवासाऐवजी दूरदृश्य प्रणाली हे उपाय बहुतेक आराखड्यांत सारखेच आढळतात. त्यांपैकी विमानप्रवास टाळण्याचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो.

या सगळ्याला शिस्त यावी म्हणून पर्यावरण व्यवस्थापनाची मानके वापरली जातात. युरोपीय संघाची ‘एमास’ ही पर्यावरण व्यवस्थापन व लेखापरीक्षण योजना १९९३ ची, आयएसओ १४००१ हे मानक १९९६ चे. ब्रिटनने २०११ मध्ये सर्व केंद्रीय खात्यांसाठी २००९-१० हे आधारवर्ष धरून २०१४-१५ पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन २५ टक्के कमी करण्याचे लक्ष्य ठेवले. युरोपीय संघाच्या २०१२ च्या निर्देशानुसार सदस्य देशांच्या केंद्रीय शासनाच्या मालकीच्या व वापरातील इमारतींपैकी ३ टक्के क्षेत्रफळ दरवर्षी ऊर्जादृष्ट्या सुधारणे आले; २०२३ च्या सुधारित निर्देशाने ही अट इतर सार्वजनिक संस्थांपर्यंत वाढवली. अमेरिकेत शासकीय हरितीकरणाची बाब राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांवर सोपवल्याने ती २००९, २०१५, २०१८ आणि २०२१ अशी चार वेळा नव्याने लिहिली गेली, आणि शेवटचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला.

आकडे पाहताना आधारवर्ष आणि इमारतींची यादी दोन्ही तपासावी लागतात. एखादे खाते बंद झाले, जुनी इमारत विकली किंवा छपाईचे काम बाहेरच्या ठेकेदाराला दिले, तरी तक्त्यात घट दिसते. उलट, कित्येक इमारतींत पाच-सहा कार्यालयांना मिळून एकच वीजमीटर असतो, बिल क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटून घेतात, आणि ज्या मजल्याने खरोखर बचत केली त्याचा आकडा शेजारच्या मजल्याच्या बिलात मिसळून जातो. मजलावार उपमीटर बसवण्याचा खर्च मोठा नसतो. तो कोणत्या कार्यालयाने करायचा हे मात्र आधी ठरावे लागते.