टर्की-शिकार, वसंतातील (सार्वजनिक भूमीवरील)

उत्तर अमेरिकेतील रानटर्की (मेलिॲग्रिस गॅलोपॅव्हो) या पक्ष्याच्या नराला विणीच्या हंगामात मादीच्या आवाजाची नक्कल करून बंदुकीच्या किंवा बाणाच्या टप्प्यात बोलावून घेण्याचा शिकारप्रकार. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो सर्वाधिक रूढ असून अलास्का वगळता सर्व राज्यांत त्याचा वासंतिक मोसम असतो. प्रस्तुत नोंदीत राष्ट्रीय वने, राज्यांची वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रे अशा सर्वांना खुल्या भूमीवरील शिकारीचा विचार केला आहे. खाजगी रानात एका नरामागे बहुधा एकच शिकारी असतो. सार्वजनिक रानात त्याच नराला उजाडायच्या आत दोघातिघांनी साद घातलेली असते. तंत्रातील बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

नाव : पक्ष्याच्या नावाचा घोटाळा प्रसिद्ध आहे. इंग्रजीत ‘टर्की’ हे नाव आधी तुर्की व्यापाऱ्यांमार्फत येणाऱ्या आफ्रिकी गिनी कोंबडीला होते व तेथून ते अमेरिकेतून आलेल्या या पक्ष्याला चिकटले, हे मत सामान्यतः ग्राह्य धरले जाते. लिनीअस याने 1758 मध्ये दिलेले ‘मेलिॲग्रिस’ हे प्रजातिनामही मुळात गिनी कोंबडीचेच ग्रीक नाव. खुद्द तुर्की भाषेत पक्ष्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच ‘दँद’ म्हणजे ‘हिंदुस्थानचा’, आणि डच ‘काल्कून’ या नावात कालिकत दडले आहे. पोर्तुगीजांनी त्याला ‘पेरू’ म्हटले. मराठीतील पेरू हे फळनाम त्याच देशनामावरून आले की नासपतीच्या ‘पेरा’ या पोर्तुगीज नावावरून, याबद्दल एकमत नाही. दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. पक्षी भारतात आला तो मात्र निश्चितपणे पोर्तुगीजांच्या वाटेने. मुकर्रब खान या सरदाराने 1612 च्या सुमारास गोव्याहून जहांगीर बादशहासाठी आणलेल्या नवलाईच्या प्राण्यांत टर्कीचा नर होता. मन्सूर या दरबारी चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे. माजावर आलेल्या नराचे डोके व मान सरड्यासारखी रंग बदलतात, पोवळ्यासारखी लाल होतात, मग कापसासारखी पांढरी, कधी पिरोजी, असे बादशहाने आपल्या रोजनिशीत टिपले आहे. लाल, पांढरा व निळा हे तीनच रंग आजच्या शिकाऱ्याने, कोणी त्याला नर समजू नये म्हणून, रानात अंगावर घालू नयेत, असा सुरक्षेचा पहिला नियम आहे.

जीवशास्त्रीय पार्श्वभूमी : दिवस मोठा होऊ लागला की हिवाळी थवे फुटतात व नर ‘गॉबल’ करू लागतो. घशात खळाळून बाहेर फुटणारा हा गडगडाट शांत पहाटे दीड किलोमीटरवरही ऐकू येतो. निसर्गक्रमात तो ऐकून मादी नराकडे चालत जाते. शिकारी नेमके उलटे मागतो : मादीचा आवाज काढून नराने आपल्याकडे यावे अशी त्याची अपेक्षा असते. वासंतिक टर्की-शिकारीतील जवळजवळ सगळी अडचण आणि सगळी रंगत या उलटापालटीत आहे. नर उत्तर देतो, पिसारा फुलवतो आणि जागच्या जागी उभा राहून मादीची वाट पाहतो. तासभर वाट पाहून तो निघून गेला, तर त्यात त्याची चूक काहीच नसते.

मादी साधारण 10 ते 12 अंडी घालते व घालणे संपत आल्यावरच 28 दिवसांच्या उबवणीला बसते. अंडी घालण्याच्या दिवसांत ती सकाळी नराबरोबर फिरते आणि नंतर एकटीच घरट्याकडे निसटते. म्हणून पहाटे माद्यांच्या गराड्यात असलेला, हाकेला न बधणारा नर नऊ-दहाच्या सुमारास एकटा पडतो. गॉबल करण्याला दोन भर येतात, पहिला थवे फुटताना व दुसरा बहुसंख्य माद्या उबवणीला बसल्यावर, हा जुना समज आहे. ध्वनिमुद्रण यंत्रांवर आधारलेल्या अलीकडच्या अभ्यासांत तो सर्वत्र तितका स्पष्ट दिसत नाही.

सादयंत्राचा उगम : मादीचा आवाज काढण्याचे साधन म्हणजे सादयंत्र; त्याच्या उगमाचा प्रश्न वादग्रस्त आहे. सर्वांत जुने साधन म्हणून मादीच्या पंखातील दोन किंवा तीन पोकळ हाडे एकात एक बसवून केलेल्या नळीचा उल्लेख होतो. ती ओठांशी धरून चुंबनासारखी हवा आत ओढली की ‘येल्प’, म्हणजे मादीची साद, उमटतो. टेनेसी राज्यातील ईव्हा या स्थळी, कृत्रिम जलाशयाखाली जाण्यापूर्वी झालेल्या उत्खननात, आर्केइक (शेतीपूर्व प्रागैतिहासिक) काळाच्या थरांत सापडलेल्या अशा हाडांना काहींनी सादयंत्रे मानले व त्यावरून या शिकारीला हजारो वर्षांचे वय दिले. शिकारविषयक लेखनात हे विधान आता निःशंकपणे फिरते. परंतु टोके कापलेले पोकळ हाड मणी, शोषनळी किंवा दुसऱ्या एखाद्या हत्याराची दांडीही असू शकते. त्याच राज्यातील फर्नव्हेल येथील टर्कीच्या पायांची अणकुचीदार हाडे गोंदणाची साधने होती, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासातून पुढे आले. झिजेच्या खुणांवरून इतके काटेकोर निदान होत असताना, केवळ आकारावरून सादयंत्र ओळखणे धाडसाचे वाटते. मूळ अमेरिकी जमाती टर्कीला आवाजाने बोलावीत असत, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या वसंतात आणि फक्त नरालाच बोलावीत, असे म्हणायला मात्र आधार तोकडा आहे.

लाकडी पेटीच्या सादयंत्राचे (बॉक्स कॉल) प्रसिद्ध पेटंट हेन्री गिब्सन याला 1897 मध्ये मिळाले. तो आर्कान्सामधील डार्डनेलचा. घरगुती पेट्या त्याआधीही असाव्यात. पातळ लाकडाच्या लांबट पेटीवर वल्ह्यासारखे झाकण एका टोकाला स्क्रूने खिळलेले असते. झाकणाच्या खालच्या बाजूला खडू घासतात. ते पेटीच्या काठावरून अलगद ओढले की आधी चिरका व मग घोगरा असा दोन पदरी स्वर निघतो. दव पडून खडू ओला झाला की पेटी मुकी होते. म्हणून पावसाळी हवेत तोंडात टाळूशी धरायचा रबरी पडदा बरा. त्याने हातही मोकळे राहतात. पाटीच्या तुकड्यावर काडी घासण्याचा प्रकारही लोकप्रिय आहे.

सावजाला त्याच्याच जातीच्या आवाजाने बोलावणे ही जगभरची विद्या आहे. महाराष्ट्रात फासेपारधी तितरांसाठी ती वापरीत. फरक असा की आपल्याकडच्या संस्थानी शिकारीचा भर हाक्यावर, म्हणजे सावज हाकून आणण्यावर होता. टर्की-शिकारीत हाकणे सर्वत्र निषिद्ध नसले तरी हिणकस मानतात.

ऱ्हास, पुनर्वसन व मोसम : बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला. मॅसॅच्युसेट्समधील शेवटचा ज्ञात पक्षी 1851 मध्ये मारला गेला. 1930 च्या दशकातील एकूण संख्येचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. ती दोन लाखांच्या आत होती, एवढेच सावधपणे म्हणता येते. शस्त्रे व दारूगोळा यांवरील केंद्रीय कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा पिटमन-रॉबर्टसन कायदा 1937 मध्ये झाला. आधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात टिकले नाहीत. तोफेने उडवायच्या जाळ्याने जंगली थवा जिवंत पकडण्याची युक्ती 1951 मध्ये दक्षिण कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात टर्कीवर प्रथम साधली, आणि तिने चित्र पालटले. मॅसॅच्युसेट्समध्ये 1972-73 साली न्यूयॉर्कहून आणलेल्या अवघ्या 37 पक्ष्यांपासून आजचे थवे वाढले.

वासंतिक मोसम मूळचा दक्षिणेतला. पेनसिल्व्हेनियासारख्या उत्तरेकडील राज्यांत शरदातील शिकारच परंपरागत होती व तेथे वसंताचा मोसम 1968 मध्ये सुरू झाला. मिसुरीने 1960 मध्ये 14 काउंट्यांत तीन दिवसांचा मोसम ठेवून आधुनिक पद्धतीचा पायंडा पाडला. एक नर अनेक माद्यांना पुरतो, तेव्हा वीण उरकल्यावर काही नर काढल्याने संख्या घटत नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. म्हणून वसंतात बहुधा फक्त ‘दाढीचा’ पक्षी मारता येतो. दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा राठ केसांसारखा झुबका. क्वचित मादीलाही तो असतो, आणि अनेक राज्यांचे नियम अशी मादीही मारू देतात.

सार्वजनिक भूमी : अमेरिकेत वन्य पशुपक्षी जमीनमालकाचे नसतात, राज्य ते लोकांच्या वतीने राखते; पण मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या जमिनीवर पाय ठेवता येत नाही. त्यामुळे ज्याच्यापाशी जमीन नाही त्याला सार्वजनिक रानाचाच आधार. राष्ट्रीय वन व चराऊ कुरणे मिळून सुमारे 19.3 कोटी एकर आहेत. केंद्रीय भूव्यवस्थापन विभागाकडील सुमारे 24.5 कोटी एकर मुख्यतः पश्चिमेत. पूर्वेकडील पुष्कळ वने 1911 च्या वीक्स कायद्यानंतर तोडून टाकून दिलेल्या जमिनी विकत घेऊन उभी राहिली. मिसुरीतील मार्क ट्वेन राष्ट्रीय वन (सुमारे 15 लाख एकर) त्यांपैकीच.

चिकाटीची पद्धत : आदल्या संध्याकाळी नर कोणत्या झाडावर रात्रीला बसला हे हेरतात, याला शिकाऱ्यांच्या बोलीत पक्षी ‘निजवणे’ म्हणतात. पट्टेदार घुबडाचा घूत्कार काढला की नर दचकून गॉबल करतो व ठिकाण सांगून बसतो. दुसऱ्या दिवशी अंधारातच त्या झाडापासून शंभर-दीडशे मीटरांवर खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसायचे. रुंद बुंधा आरामासाठी नव्हे, मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याच्या छऱ्यांपासून आडोसा म्हणून. सार्वजनिक रानात उत्तर देणारी ‘मादी’ पुष्कळदा पेटी घासणारा माणूसच निघतो. पहिल्या दिवशी बहुधा असे घडते की नर झाडावरून उतरतो, माद्यांच्या मागे दुसऱ्या धारेवर जातो, आणि सातच्या आत रान गप्प होते.

इतर शिकाऱ्यांची वाहने परत फिरतात ती यानंतर. चिकाटीच्या शिकाऱ्याचा दिवस मात्र तिथून सुरू होतो. रस्त्यापासून ओढ्यापलीकडे, चढापलीकडे गेल्यावर गर्दी विरळ होते. हाका कमी व हलक्या कराव्यात; मोठ्याने येल्प करण्यापेक्षा पाला उकरल्याचा आवाज अधिक खरा वाटतो. हाका ऐकून शहाणा झालेला नर न बोलता येतो. येतो तेव्हा त्याचे गॉबल ऐकू येत नाही. पंखांची टोके पाल्यावरून खरडल्याचा आवाज येतो, आणि छातीत जाणवेल असा खालचा घुमार. पक्ष्याला वासाचे ज्ञान नगण्य, पण नजर जवळजवळ चौफेर असते. बंदूक उचलायची ती त्याचे डोके झाडामागे गेलेल्या क्षणी. छऱ्यांचा खात्रीचा टप्पा परंपरेने 40 यार्ड, म्हणजे सुमारे 37 मीटर. नेम डोक्यावर व मानेवर धरतात. शेवटचे उत्तर आल्यावर आणखी तासभर न हलता बसणे हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग, आणि बहुतेक जण पन्नासाव्या मिनिटाला उठतात.

शिकारीच्या दबावाने पक्षी मुके होतात की बोलणारे आधी मारले गेल्याने रान शांत होते, हा वाद जुना आहे. दक्षिण कॅरोलायनातील ध्वनिमुद्रणाधारित अभ्यासांत शिकार सुरू झाल्यावर गॉबल घटलेले आढळले. दोन्ही कारणे एकत्र काम करीत असावीत.

नियमन : शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सुरू होते व अनेक राज्यांत दुपारी संपते. दक्षिणेकडील राज्यांत गेल्या दोन दशकांत संख्या घटली आहे. अधिवासाचा ऱ्हास, घरट्यांवरील भक्षक, आणि मोसम फार लवकर उघडल्याने प्रबळ नर विणीआधीच मारले जाणे, अशी तीन कारणे मांडली जातात. तिसऱ्याचा पुरस्कार जॉर्जिया विद्यापीठातील मायकेल चेंबरलेन यांनी केला. ते सर्वमान्य नसले तरी धोरणावर त्याचा परिणाम दिसतो. जॉर्जियाने 2022 पासून मोसम पुढे ढकलून दर शिकाऱ्यामागची मर्यादा तीनवरून दोन नरांवर आणली व सार्वजनिक भूमीवर तो खाजगी भूमीपेक्षा आठवड्याने उशिरा उघडला. मिसुरीत 2025 पासून खाजगी जमिनीवर सूर्यास्तापर्यंत शिकार चालते, सार्वजनिक जमिनीवर मात्र दुपारी एकपर्यंतच.